खाऱ्या विहिरीतली जिवाणी

जमीन मेली की जिवंत आहे, हे पूर्वी जाणती माणसं बांधावर उभी राहून सांगायची. मूठभर माती उचलायची, चुरगाळायची, वास घ्यायचा आणि मान हलवायची. त्या मान हलवण्यावर तुमचं-आमचं भागत होतं, पण सरकारचं कसं भागणार? सरकारला पुरावा लागतो. म्हणून एक दिवस कायदा आला आणि कायद्याच्या पाठोपाठ काचेचा धागा आला.

धागा म्हणजे काही जगावेगळी चीज नव्हती. इंटरनेटसाठी गावोगाव जमिनीखाली पुरतात तीच काच, केसाएवढी बारीक. तिच्यात एका टोकाने प्रकाश सोडला की तो सरळ पुढे जातो, पण जाता जाता काचेतल्या बारीकसारीक उणिवांवर आपटून त्यातला किंचित प्रकाश मागे फिरतो. वरची जमीन जराशी जरी थरथरली तरी तिथली काच ताणली जाते, इतकी कमी की मोजायलाही लाज वाटावी. पण मागे फिरलेला प्रकाश त्या ताणाची खूण बरोबर घेऊन येतो. जितक्या लांबून येतो तितका उशीर लागतो, त्यामुळे थरथर नेमकी कुठे झाली तेही कळतं. आधी भूकंपवाल्यांनी हे वापरलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, भूकंप ऐकू येतो तर गांडुळाने काय घोडं मारलंय? यंत्रं सुधारत गेली, आणि आलं की ऐकू! मुळं वाढताना मातीचे कण बाजूला सारतात ती कुरकुर, किड्यांचं सरपटणं, आणि सगळ्यांच्या तळाशी एक फसफस. मातीतले सूक्ष्मजीव श्वास सोडतात, त्याचे बुडबुडे मातीच्या फटींतून फुटत वर येतात, त्याची.

थोडक्यात, जिवंत मातीला आवाज असतो आणि मेलेली माती मुकी असते. कायदाही तेवढाच सरळ होता. पट्ट्याला दोनदा कान लावायचा, पहिल्यांदा अंदाजासाठी, दुसऱ्यांदा निकालासाठी; दुसऱ्यांदा काही ऐकू आलं नाही तर तो पट्टा ‘मृत’. त्यावर सौरऊर्जेची तावदानं अंथरायची आणि मालकांना शहराजवळ घर, घरटी एक नोकरी द्यायची. पण पट्ट्यातला एक कोपरा जरी बोलला, तरी अख्खा पट्टा ‘जिवंत’. मग तो झाकता येणार नाही, विकता येणार नाही. त्याच्याखाली निचऱ्याचे पाईप टाकायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची.

आता राहिला प्रश्न ऐकायचं कुणी. यंत्र आवाज टिपायचं, पण लांबच्या मोटारीची घरघर आणि जवळच्या किड्याची सरसर यात ते अजून गडबडायचं. तिथे माणसाचाच कान लागे. सांगलीच्या मृदाश्रवण केंद्रात असे कान असलेली माणसं मोजकीच होती आणि त्यात सगळ्यात तिखट कानाची होती चेलना चौगुले. चाळिशी ओलांडलेली, एकटी, बोलायला कमी. दिवसभर मातीचं ऐकून घरी आली की तिला शेजारच्या टीव्हीचाही त्रास व्हायचा.

आणि नशीब बघा, तिच्या वाट्याला आलं निमगोळी. तिचंच गाव. नियमाने तिला तिथे पाठवायला नको होतं, पण दुसरी दोन माणसं आजारी आणि तिसरं रजेवर. केंद्राच्या प्रमुख डॉ. नाझनीन मुल्ला तिला म्हणाल्या की तू गेलीस काय आणि दुसरं कुणी गेलं काय, निमगोळीत ऐकायचंय तरी काय? जाऊन ये, आईला भेटणं होईल.

त्यांचंही चुकलं नव्हतं. निमगोळीचा खालचा पट्टा म्हणजे डोळे दिपवणारा पांढरा उजेड. एकेकाळी तिथे उसात माणूस हरवायचं. नदीवरून पाणी उचलून आणलं, पाणी आलं म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून आणखी पाणी आलं. जमिनीच्या पोटातलं पाणी चढत चढत वर आलं आणि येताना खोलवरचे क्षार घेऊन आलं. उन्हाने पाणी उडून गेलं, मीठ तिथेच बसलं. चेलनाचे वडील नेमगोंडा चौगुले हे फार कष्टाळू. मीठ फुटलेलं दिसलं की ते आणखी पाणी सोडायचे, मीठ धुऊन खाली जाईल म्हणून. खाली जायला वाटच नव्हती. ते जितकं धूत गेले तितकं रान पांढरं होत गेलं, आणि एके वर्षी ते त्या पांढऱ्या रानाकडे बघत बघतच गेले.

मागे राहिला धाकटा भाऊ पारिसा. त्याने ज्वारी करून बघितली, बीट करून बघितलं, शेवटी इचलकरंजीला यंत्रमागावर जाऊ लागला. बायको-पोरं तिकडेच, आठवड्यातून चार दिवस तो तिकडे, उरलेले दिवस मळ्यातल्या घरात आईजवळ. आई, इंदूबाई, मळा सोडायला तयार नव्हती आणि पारिसा आईला सोडायला तयार नव्हता. पट्टा मृत ठरला की सगळाच गुंता सुटणार होता. इचलकरंजीजवळ घर मिळणार, आईला यावंच लागणार, विस्कटलेला संसार एका छपराखाली येणार. सगळा पट्टाच वाट बघत होता. काही जणांनी तर पेढेसुद्धा सांगून ठेवले होते. जमीन मेल्याचे पेढे!

पहिल्या ऐकण्याच्या दिवशी सकाळी तासभर सगळ्या शिवारातल्या मोटारी बंद ठेवल्या. ट्रॅक्टर नाही, गाडी नाही, ढोरंसुद्धा गोठ्यात. धागा आधीच पुरून झाला होता, कमरेइतका खोल. चेलनाने माणसांना लांब रस्त्यावर थांबवलं. वर पाय वाजला की खालचे जीव गप्प होतात, चाहूल गेली की थोड्या वेळाने परत कामाला लागतात, हे तिने सगळ्यांना समजावलं. लोक हसले. एक जण म्हणाला, हितं गप व्हायला हाय कोण? ती वेड्या बाभळीच्या सावलीत बसली, कानाला हेडफोन लावला आणि धाग्याचा एकेक तुकडा ऐकत पुढे निघाली.

काहीच नव्हतं. तिने बऱ्याच मेलेल्या जमिनी ऐकल्या होत्या, पण ही माझी म्हणताना ऐकणं वेगळं. जिथे ती लहानपणी भुईमुगाच्या शेंगा उकरून खायची तिथे शांतता. आंब्याचं झाड होतं तिथे शांतता. ती आपली पुढे सरकत राहिली, छातीवर दगड ठेवून. आणि पट्ट्याच्या खालच्या अंगाला, त्यांच्या जुन्या विहिरीजवळ, तिचा हात थांबला.

आंबवायला ठेवलेल्या पिठाच्या पातेल्याला कान लावून बघा कधी. तसा आवाज होता. बारीक, अखंड, घाईत नसलेला. आधी तिला वाटलं, यंत्रातला दोष. तिने तार तपासली, दुसरा तुकडा ऐकला, परत मागे आली. फसफस होतीच. आणि तिच्या आत आणखी काहीतरी होतं, रेशमी कापड ओढल्यासारखं सर... सर... कुणीतरी तिथे हिंडत होतं. पडद्यावर बघितलं तर आवाजाचा घेर विहिरीभोवती पसरलेला, आणि उताराच्या बाजूला त्याने पाय लांब केलेला. एवढ्या पांढऱ्या, एवढ्या मुक्या रानाच्या मध्ये ते एकटंच बोलत बसलं होतं. कुणी ऐकतंय का याची त्याला पर्वाच नव्हती. चेलनाने हेडफोन कानावर घट्ट दाबला. किती वर्षं बोलतंय हे? आणि आपण सगळे वर उभे राहून याचं सुतक पाळत होतो!

तिने रस्त्यावरच्या लोकांना काहीच सांगितलं नाही. पहिल्या ऐकण्याचा निकाल सांगायचा नसतो, असा नियम होता, तो बरा कामी आला. पण घरी भाकरी खाताना पारिसाने तिचा चेहरा वाचला. आई आत होती. त्याने विचारलं, तिने सांगितलं. भावाशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

पारिसाने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला की विहिरीजवळ मोटारीचा जुना पाईप आहे, त्यात वारा घुमतो, तसं लिही. तिने नाही म्हणून मान हलवली. मग तो म्हणाला की तुला यातलं कळतं, मला नाही, पण एवढ्याशा आवाजासाठी चाळीस घरं अडकवायची? पाईप टाकतील, वाट बघा म्हणतील, आणि वाट बघण्यात माझं पोरगं मोठं होऊन जाईल.

“अक्का,” तो शेवटी म्हणाला, “तू ऐकतीस आणि जातीस. हितं राहतो मी.”

त्यात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

सांगलीला जाताना तिने विहिरीचं पाणी आणि भोवतालची माती बाटल्यांत भरून नेली. डॉ. मुल्लांनी ती तपासायला घेतली आणि आठवडाभराने त्यांचा फोन आला, तेव्हा त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं की बाई झोपलेल्या नाहीत. त्यांनी चेलनाला बोलावून घेतलं आणि समोर दोन काचेच्या नळ्या ठेवल्या. दोन्हींत निमगोळीचीच मेलेली माती. एकीवर पाणी टाकलं, ते वर तसंच उभं राहिलं. खारवटलेल्या चिकणमातीचं हेच दुखणं असतं. मिठातलं सोडियम मातीच्या कणांना एकमेकांपासून फोडतं, सुटे झालेले कण सगळ्या फटी बुजवतात, मग ना पाणी आत जातं ना हवा. ओली असताना साबण, वाळली की वीट. दुसऱ्या नळीत त्यांनी विहिरीचं पाणी मुरवून ठेवलं होतं. तिच्यावर पाणी टाकलं तर ते शांतपणे खाली उतरलं आणि तळातून थेंब थेंब गळायला लागलं. चेलनाने बोटावर घेऊन जिभेला लावलं. खारट!

“मीठ धुऊन चाललंय,” डॉ. मुल्ला म्हणाल्या. “तुझ्या वडिलांना जे करायचं होतं ते.”

त्या विहिरीतले सूक्ष्मजीव अंगाभोवती एक चिकट पदार्थ सोडत होते, खाऱ्या पाण्यात तग धरायला. तो चिकटा मातीच्या सुट्या कणांना परत एकत्र बांधत होता. कण बांधले गेले की मध्ये फटी पडतात, फटी पडल्या की पाणी खाली जातं आणि जाताना मीठ घेऊन जातं. या सूक्ष्मजीवांवर जगणारे दोऱ्याएवढे पांढरे किडे होते, ते माती पोखरून आणखी वाटा करत होते. रेशमी सरसर होती ती त्यांची. माणसाने प्रयोगशाळेत बसून जे जमवायचा प्रयत्न चालवला होता, ते निमगोळीच्या एका टाकून दिलेल्या विहिरीत आपोआप जमून आलं होतं. खाली निचऱ्याची वाट करून दिली तर हे पाणी सगळ्या पट्ट्याला पुरणार होतं. नुसत्या निमगोळीच्याच नव्हे.

पण एक गोष्ट डॉक्टरीणबाईंना सुटत नव्हती. हे जीव मुळात विहिरीतले नव्हते. त्यांची कुळी नदीतली होती, गोड्या पाण्यातली. एकदा पुरात चुकून आले असते तर खाऱ्या पाण्यात दिवसभरात मेले असते. मिठाची सवय व्हायला त्यांना सतत येत राहायला हवं होतं. पाणी थोडं थोडं खारट होत असताना, वर्षानुवर्षं, रोज. रोज येणाऱ्या लाखोंतले दोनचार टिकले, त्यांच्या पोरांतले आणखी दोनचार, असं. कोण आणत होतं नदीला विहिरीत? चेलनालाही काही सुचेना. अजून पाणी लागणार होतं, तेव्हा आईलाच विचारावं म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरून निमगोळीला गेली.

लांबूनच तिला विहिरीवर पारिसा दिसला. त्याच्या पायाशी पोतं होतं. जवळ जाईपर्यंत वास आला, ब्लीचिंग पावडरचा, पाण्याच्या टाक्या धुवायला वापरतात ती. एक पोतं पुरे होतं. एक पोतं उपडं केलं की दुसऱ्या ऐकण्याला विहीर मुकी, पट्टा मृत, आणि पारिसाचं घर एका छपराखाली. ती त्याला हाक मारणारच होती.

तेवढ्यात पलीकडच्या पायवाटेने आई आली. पांढरं पातळ, वाकलेली पाठ, हातात छोटी पितळी बादली. ही बादली चेलनाने जन्मापासून बघितलेली. घरात प्यायचं पाणी जाड फडक्यातून गाळायचं, हा जैनांचा रोजचाच नेम. गाळल्यावर फडक्यात जे डोळ्यांना न दिसणारे जीव अडकतात ती जिवाणी. ती फेकायची नाही. फडकं हलक्या हाताने विंचळायचं आणि ते पाणी जिथून आणलं तिथेच परत पोचवायचं. तेही वरून ओतायचं नाही, जीव आपटतील. म्हणून बादलीच्या तळाला एक कडी असते, दोर त्या कडीला बांधून वर दांडीच्या सैल आकड्यात अडकवलेला. बादली पाण्याला टेकली की आकडा सुटतो आणि दोर ओढताच ती आपसूक कलंडते.

इंदूबाईने पोराकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं. वास तिलाही आला असणारच.

“थांब जरा,” ती म्हणाली. “आदी मला जिवाणी सोडू दे.”

एवढंच. ना विचारलं, ना रागावली. तिने बादली सावकाश खाली सोडली, पाण्याला टेकल्याचा बारीक आवाज आला, आणि ती दोर ओढून घेऊन आली तशी निघून गेली. पारिसा कठड्यावर मटकन बसला. चेलना जवळ गेली तेव्हा तो हमसून रडत होता, मोठा बाप्या माणूस. तिने पोतं उचललं नाही, त्यानेच उचललं आणि परत बांधून बाजूला ठेवलं. मला जमणार नाही अक्का, म्हणाला, ती म्हणते थांब, जिवाणी सोडू दे, मग त्या जिवांवर मी हे ओतणार कसं?

चेलना मात्र दोराकडे बघत उभी होती. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. घरात पाणी येतं कुठलं? नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून आई ते पीत नाही. ती घरामागच्या शेतीच्या पाईपलाईनच्या चेंबरमधून आणते, नदीवरून उपसून आलेलं कच्चं पाणी. म्हणजे जिवाणी नदीची. नेम म्हणतो ती नदीलाच परत जायला हवी. पण नदी कोसभर लांब, म्हातारी जाणार कशी? पूर्वी विहिरीचं पाणी प्यायचो, तेव्हा विहिरीत सोडत होतो, तिथेच सोडत राहिली. विहीर खारी झाली तरी. रोज. एक दिवस न चुकता. नदीला विहिरीत आणणारं माणूस ते हे! चेलनाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. जगातले मोठमोठे लोक ज्याच्यासाठी झटत होते ते तिच्या आईने चुकीच्या ठिकाणी बादली सोडून करून ठेवलं होतं.

ती धावत घरी गेली आणि तिने आईला सगळं सांगितलं. नळ्या, चिकटा, पांढरे किडे, खारट थेंब, सगळं. मागोमाग आलेला पारिसाही दारात उभा राहून ऐकत होता. इंदूबाईच्या चेहऱ्यावर आधी कौतुक पसरलं, पोरगी एवढी बोलते याचंच जास्त. मग ती हळूहळू विचारात पडली.

“मी सोडलेलं सगळं जीव जगलं व्हय गं तिथं?”

हो म्हणायला काय जात होतं? पारिसा दारातून मान हलवून तेच सुचवत होता. पण चेलनाचा जन्म ऐकण्यात गेला होता, आणि जे ऐकू आलं नाही ते ऐकू आलं म्हणून सांगायचं नाही, एवढा एकच धर्म तिने पाळला होता.

“नाही आई,” ती म्हणाली. “बहुतेक सगळे मेले. नदीचे जीव मिठात कसे जगतील? लाखांतला एखादा राहिला. त्या एखाद्याचं हे सगळं.”

इंदूबाई उठली, बादली कोनाड्यात उपडी घातली, आणि त्या दिवसापासून विहिरीवर गेली नाही. जन्मभर वाचवतोय म्हणून जे केलं ते मारणं निघालं, हे त्या माउलीने कुठे ठेवायचं? पुढे भाद्रपदातलं जैनांचं उपासांचं पर्व आलं, तिने कडक उपास धरले. गावाला वाटलं, पर्वाचे. चेलना रोज फोन करायची, आई हं-हं करायची. आपण खरं बोललो ते चुकलंच, असं चेलनाला वाटायला लागलं. मातीचं दुखणं सांगायला यंत्र होतं, आईचं दुखणं तिला तिच्या तिखट कानांनीही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या ऐकण्याची तारीख नेमकी क्षमावाणीची आली. पर्व संपल्यावरचा दिवस. त्या दिवशी जैन माणूस घरोघरी जाऊन, वर्षात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणून हात जोडतो. पट्ट्यातली माणसं पुन्हा रस्त्यावर जमली, मोटारी बंद झाल्या. या वेळी एक अधिकारी घड्याळ घेऊन बसला होता. तासाभरात जे ऐकू येईल ते खरं. पारिसा चेलनाच्या बाजूला येऊन उकिडवा बसला. तिने मुद्दाम विहिरीचा तुकडा शेवटी ठेवला. आधी सगळं मुकं रान ऐकून झालं, आणि तास संपत आला तेव्हा ती विहिरीकडे वळली.

तेवढ्यात आई दिसली. अनवाणी, सरळ पांढऱ्या रानात उतरलेली, विहिरीच्या दिशेने. चेलनाने हात हलवले, थांब, मागे फिर. म्हातारीने बघितलंच नाही. चेलनाच्या कानात तिची पावलं ढोल वाजल्यासारखी आदळत होती. इंदूबाई विहिरीपाशी पोचली, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. आणि चेलनाला आईचा आवाज ऐकू आला. वाऱ्यावरून नव्हे, वाऱ्यावरून येण्याइतकं ते जवळ नव्हतंच. तो खालून आला, मातीतून, काचेतून. जमीनच आईच्या आवाजात बोलत असल्यासारखा.

“मला ठावं न्हवतं,” आई म्हणत होती. “माझ्या हातनं मेलासा. मला क्षमा करा.”

मग काहीच नाही. फसफस दबलेली, सरसर थांबलेली, सगळं एकदम गप्प. अधिकाऱ्याने घड्याळाकडे बघितलं. पारिसाने चेलनाकडे बघितलं, तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की काही ऐकू येत नाही. आता तिने काही न करता नुसतं बसून राहिलं असतं तरी पट्टा मृत ठरला असता, आणि दोष कुणाचाच नसता. पारिसाला हेच हवं होतं. पण त्याचे ओठ हलत होते, आणि चेलनाला दिसलं की तो हात जोडून बसलाय. आई हलत नव्हती. सगळं रान, रस्त्यावरची माणसं, आभाळसुद्धा श्वास धरून थांबल्यासारखं.

सर.

एकच. मग थांबलं. मग दुसरीकडून, सर... सर... आणि त्यामागोमाग ती फसफस वर आली, आधी विहिरीपाशी, मग तिच्या पलीकडे, मग आणखी पलीकडे, जिथे मागच्या खेपेला काहीच नव्हतं तिथेसुद्धा. घेर मोठा झाला होता. उताराने तो बांधापर्यंत उतरला होता आणि बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात शिरला होता. कपाळ टेकून पडलेल्या म्हातारीच्या सगळ्या बाजूंनी जमीन बोलत होती. चेलनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. पावलांची थरथर थांबली म्हणून जीव परत कामाला लागले, हे शास्त्र तिला पाठ होतं. तिने ते मनात एकदा म्हणून बघितलं आणि ते खरंच होतं. तरी तिचे हात जोडलेलेच राहिले.

तिने पडद्यावर ‘जिवंत’ असं नोंदवलं. अधिकारी उठला. रस्त्यावर कुजबुज सुरू झाली, कुणीतरी चिडून काही बोललं. पारिसा म्हणाला, त्यांना मी सांगतो, पण लगेच निघाला नाही, तिथेच उभा राहिला. मग दोघं मिळून विहिरीपाशी गेले, आईला उठवून कठड्यावर बसवलं. चेलनाने हेडफोनची लांब तार ओढत आणली आणि आईच्या कानावर लावली. पावलांनी गप्प झालेले जीव परत बोलू लागावेत म्हणून तिघंही न हलता बसली.

इंदूबाई ऐकत राहिली. आधी तिला काही उमगलं नाही. मग तिची मान हळूहळू वर आली आणि सुरकुतलेल्या तोंडावर असं काही उमटलं की पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

“किती हायत गं ह्ये,” ती म्हणाली. “आनि मी यांना नदीचं समजत हुतो. यांचं घर आता हितंच.”

पारिसा कधी घरी गेला ते कुणाला कळलंच नाही. तो आला तेव्हा त्याच्या हातात कोनाड्यातली पितळी बादली होती. सकाळचं पाणी त्यानेच गाळलं होतं, लहानपणी आईने शिकवलं होतं तसं, आणि जिवाणी बादलीत घेतली होती. तो विहिरीकडे आलाच नाही. मोटारसायकलच्या हँडलला बादली अडकवून, हिंदकळू नये म्हणून एका हाताने धरून, तो आईला म्हणाला की नदी लांब असली तरी गाडीला काय त्याचं, इचलकरंजीहून रोज येऊन जाईन, हे काम आता माझं. आणि तो सावकाश, खड्डे चुकवत, नदीच्या रस्त्याला लागला.